शार हारहामिम : मांडवीची जुनी मशीद

शार हारहामिम, म्हणजे दयेचे द्वार, हे मुंबईतील बेने इस्रायल या यहुदी समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये मांडवी भागात बांधले. आज दिसते ती इमारत मात्र १८६० ची. ती जुन्या जागेपासून थोड्याच अंतरावर आहे.

कोकणातल्या नौगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटून जे वाचले त्यांचे आपण वंशज, असे हा समाज मानतो. कोकणात तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक शेजाऱ्यांसाठी ‘शनिवार तेली’ होते. दिवेकर, पेणकर, किहीमकर ही आडनावे तिथल्याच गावांची. धर्मग्रंथ जवळ नव्हते, प्रार्थनागृह नव्हते. शनिवारच्या विश्रांतीचा शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढ्या शिदोरीवर त्यांनी घरातल्या घरात धर्म टिकवला. कोणत्याही इमारतीहून हे काम मोठे आहे.

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकऱ्या मिळू लागल्या आणि कुटुंबे मुंबईला आली. दिवेकर त्याच फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धात ते कैद झाले. कैदी बेने इस्रायल आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली, अशी समाजातली कथा आहे. सुटकेनंतर, कैदेत केलेला नवस फेडण्यासाठी त्यांनी सिनेगॉग उभारले. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. पुढे कोचीनच्याच यहुदी शिक्षकांनी समाजाला हिब्रू उपासना शिकवली आणि सेफार्दी, म्हणजे मुळात स्पेनकडच्या यहुद्यांची, पद्धत रुळली.

सिनेगॉगची रचनाही त्याच पद्धतीची. जेरुसलेम पश्चिमेला, म्हणून तोरा ठेवायचे कपाट, हेखाल, पश्चिमेच्या भिंतीत. मधोमध कठड्याचा लाकडी चौथरा, तेबा. तिथे उभा राहून हजान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, प्रार्थना चालवतो. स्त्रियांसाठी वर सज्जा. कारभार मुकादम, चौगुला आणि गबाई (खजिनदार) पाहत. यातली पहिली दोन पदे थेट गावगाड्यातून आलेली.

१८४० मध्ये समाजातील काहींनी शारे रासोन हे वेगळे सिनेगॉग काढले. सिनेगॉगलाही लोक मशीदच म्हणत, म्हणून ती नवी मशीद झाली आणि ही जुनी. शेजारच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट आणि रेल्वे स्थानकाला मशीद हे नाव मिळाले. पुढे अलिबाग, पनवेल, ठाण्यातही सिनेगॉगे झाली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. राहिलेल्यांपैकी बरीच ठाण्याकडे आणि उपनगरांत स्थिरावली. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.