कोळणीची चाल, कागदावर

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातून डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन निघालेली कोळीण डोळ्यांसमोर आणा. पावलं झपझप पडतायत, एक हात पाटीला, दुसरा मोकळा. कंबर हेलकावते, पण पाटी जणू तारेवरून सरकत जाते. ही चाल हाताने चित्रं काढून पडद्यावर आणायची, तर सुरुवात कुठून करायची?

चेहऱ्यापासून तर नाहीच. ॲनिमेटर आधी पाऊल काढतो. पहिल्या चित्रात पुढची टाच नुकतीच जमिनीला टेकलेली असते, मागचा पाय चवड्यावर. दुसऱ्यात अंगाचा भार पुढच्या पायावर येतो, गुडघा वाकतो, शरीर खाली बसतं. तिसऱ्यात मागचा पाय उभ्या पायाला ओलांडतो. चौथ्यात शरीर चवड्यावर उचललं जातं आणि लगेच दुसरी टाच टेकते. मोकळा हात नेहमी उलट्या पायाबरोबर पुढे येतो. रिकाम्या हाताने चालणाऱ्या मुलीचं डोकं या चार चित्रांत खाली-वर होतं. कोळणीची ती उसळी गुडघे आणि कंबर जिरवतात. पाटी भरलेली आहे की रिकामी, हे पाटी झाकून ठेवली तरी चालीवरून कळलं पाहिजे. खरी कसोटी तीच.

सिनेमाच्या एका सेकंदात 24 फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला 12, म्हणजे मिनिटाला 720 चित्रं! म्हणून मुख्य ॲनिमेटर मोक्याची चित्रं, म्हणजे ‘की’, काढतो आणि सहायक मधली भरतात. कागदाची भोकं पेग बारच्या खुंट्यांत अडकवली की आकृती जागची ढळत नाही. खालून लाइट बॉक्सचा उजेड असला की आधीची रेघ दिसते. चित्रं जवळजवळ काढली तर हालचाल संथ, लांब-लांब काढली तर वेगवान.

मुंबईत ही विद्या शिस्तीने रुजली ती फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. डिस्नेच्या ‘बॅम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स 1956 साली इथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत राम मोहन होते. युनिसेफची ‘मीना’ पुढे त्यांनीच साकारली. जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ हा त्या विभागाचा सुरुवातीचा चित्रपट. विजया मुळे यांच्या दिग्दर्शनाखाली 1974 साली झालेला ‘एक अनेक और एकता’ तर दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला तोंडपाठ आहे.

नवशिक्याला या सगळ्या सरंजामाची गरज नाही. जुन्या वहीचा कोपरा आणि पेन्सिल पुरे. चाल जमली की त्याच कोळणीला जमिनीवरची भरलेली पाटी उचलायला लावावी. उचलण्याआधी ती किंचित आणखी खाली बसते, पाय रोवते, श्वास धरते. ते एक चित्र गाळलं, की पाटीतली मासळी कापसाची वाटते.