निसर्गरक्षण आणि बंगल्याचें कुंपण

निसर्गरक्षणाची चळवळ म्हटली कीं झाडाला मिठी मारून उभी राहिलेली पहाडी स्त्री आपल्या डोळ्यांपुढें येते. परंतु या चळवळीच्या इतिहासांत स्वतःचें घर व बाग बाळगणाऱ्या सुखवस्तु गृहस्थाचा वाटाहि मोठा आहे.

१९५७ सालीं अमेरिकेंतील लाँग आयलंडवर, झाडें खाणाऱ्या अळ्यांचा नाश करण्यासाठीं, सरकारी विमानांनीं डीडीटी फवारलें. तेव्हां मार्जोरी स्पॉक या बाई व इतर घरमालक न्यायालयांत गेले. दावा फेटाळला गेला. पण त्यांतील साक्षीपुरावे रेचेल कार्सन यांच्या हातीं पडले आणि १९६२ सालीं त्यांचा ‘सायलेंट स्प्रिंग’ हा गाजलेला ग्रंथ निघाला. दहा वर्षांनीं तेथें शेतीवरील डीडीटीस बंदी झाली. परसांतल्या भाजीच्या वाफ्यानें केवढें काम केलें पाहा!

आपल्याकडे श्याम चैनानी यांच्या पुढाकारानें १९७९ सालीं ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’ स्थापन झाला. मंडळी सुशिक्षित, सुस्थित आणि विलक्षण चिकाटीची. महाबळेश्वर-पांचगणीस २००१ सालीं व माथेरानास २००३ सालीं संवेदनशील क्षेत्र म्हणून संरक्षण मिळालें, त्यांत या संस्थेची खटपट होती. तेथील बंगलेवाल्यांस शांतता हवी होती, हें उघड आहे. पण त्यामुळें झाडें वांचलीं, तीं सर्वांचींच.

बोरिवलीची गोष्ट मात्र इतकी सरळ नाहीं. राष्ट्रीय उद्यानांतील अतिक्रमणाविरुद्ध याच संस्थेनें १९९५ सालीं उच्च न्यायालयांत अर्ज केला. १९९७ च्या हुकुमानंतर हजारों झोंपड्या पाडण्यांत आल्या. १९९५ पूर्वीच्या मतदारयादींत ज्यांचें नांव असेल त्यांनाच पर्यायी जागा, आणि तीहि ७,००० रुपये भरल्यावर! अरण्य वांचावें, हें मलाहि मान्य आहे. पण त्याची किंमत अर्जदारांपैकीं कोणास द्यावी लागली नाहीं.

आम्ही कारंज्याचे लोक कापसाच्या मुलखांतले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं कपाशीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले. लाँग आयलंडवर विष विमानांतून बागेंत पडलें होतें. येथें तें पाठीवरच्या पंपांतून फवारणाऱ्याच्याच तोंडावर उडालें. पुढें चौकशी झाली. तींत पुष्कळ चर्चा झाली ती त्या मजुरांनीं हातमोजे आणि मुखवटे कां वापरले नव्हते, याची.