स्विमिंग कोच व्हायचंय? आधी हे ऐका



आमच्या गल्लीतल्या एका मुलाने मला मध्यंतरी पेचात टाकलं. वय बावीस, बीकॉम झालेला, राज्य स्पर्धेपर्यंत पोहलेला. वडील म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. हा म्हणतो, "काका, मला स्विमिंग कोच व्हायचंय. तुम्ही बाबांना सांगा." मी फौजेतून निवृत्त झालो म्हणून इथे म्हैसूरला लोकांना वाटतं की खेळातलं मला सगळं कळतं. तसं नाही. पण सरस्वतीपुरमला विद्यापीठाच्या तलावावर मी बरीच वर्षं जातोय, आणि नोकरीत असताना युनिटच्या पोहण्याच्या संघाची जबाबदारीही माझ्याकडे होती. त्या जबाबदारीत मी एक घोळ घातला होता. तोच आधी सांगतो.

तेव्हा मी कॅप्टन होतो. स्पर्धा आठ दिवसांवर आली आणि मी पोरांचं अंतर वाढवलं. सकाळी चार किलोमीटर, संध्याकाळी परत तलाव. माझा हिशेब साधा होता, जास्त घाम म्हणजे जास्त वेग. स्पर्धेच्या दिवशी आमचा सगळ्यात चांगला जवान स्वतःच्याच वेळेपेक्षा हळू पोहला. बिचारा एक शब्द बोलला नाही. पुढे एका जाणत्या कोचने मला समजावलं की मोठ्या स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे अंतर हळूहळू कमी करायचं असतं, वेग मात्र तसाच ठेवायचा. याला टेपर म्हणतात. शरीर थकव्यातून वर येतं तेव्हाच केलेली मेहनत घड्याळात दिसते.

पोहायला शिकवणारा आणि स्पर्धेचा कोच यांत फरक आहे तो इथे. उन्हाळ्याच्या बॅचमध्ये मुलाची पाण्याची भीती घालवणं, हातपाय मारायला शिकवणं, हे काम कमी प्रतीचं अजिबात नाही. पण स्पर्धेच्या कोचला अख्ख्या वर्षाचा आराखडा मांडावा लागतो. कधी लांब अंतर, कधी वेग, कोणाचा खांदा दुखतोय, पन्नास मीटरला कोण किती हात मारतो. शंभर मीटर दहा वेळा पोहायला लावलं तर दोन फेऱ्यांमध्ये किती सेकंद विश्रांती द्यायची, यावर त्या दिवसाच्या सरावाचा सगळा अर्थ बदलतो.

आता रस्ता कसा ते बघू. सुरुवात बहुतेकांची सहायक म्हणूनच होते. पहाटे पाचला तलावावर हजर, हातात स्टॉपवॉच आणि वही. त्याआधी जीवरक्षकाचं प्रशिक्षण आणि सीपीआर शिकून घ्या. ज्याला बुडणारा माणूस बाहेर काढता येत नाही, त्याच्या हाती मुलं देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मग पदविका. पतियाळाची एनआयएस ही संस्था १९६१ सालची. तिची कोचिंगची पदविका सरकारी कोचच्या नोकरीसाठी आजही सगळ्यात जास्त विचारली जाते. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो, पण त्याला पदविकेचं वजन नाही. पोहण्याचा कोर्स त्या वर्षी कुठल्या केंद्रात आहे आणि पात्रता काय, हे जाहिरातीतच वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. अमेरिकन कोचेस असोसिएशनच्या पायऱ्यापायऱ्यांच्या परीक्षाही आपल्याकडचे बरेच कोच देतात. खाजगी अकादमीत त्यांचा उपयोग होतो.

नोकऱ्या कुठे? क्रीडा प्राधिकरण, राज्याचं क्रीडा खातं, शाळा, क्लब. सरकारी जागा थोड्या आणि त्यांची वाट लांब. खाजगीत उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांच्या बॅचवर बाकीचं वर्ष काढावं लागतं. स्पर्धेची मुलं मोजकी असतात, त्यांच्या फीमध्ये घर चालत नाही. मुलाच्या वडिलांची काळजी खोटी नव्हती. हे मी त्या पोराला तोंडावर सांगितलं.

मग मी त्याला दुसरी बाजूही सांगितली. कोल्हापूरचा वीरधवल खाडे बंगळूरुला निहार अमीन यांच्याकडे घडला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्य जिंकलं. पोहण्यात आशियाई पदक आपल्याला १९८६ च्या खजान सिंग यांच्यानंतर थेट तेव्हाच मिळालं, म्हणजे मध्ये चोवीस वर्षं गेली. अमीन यांना द्रोणाचार्य मिळाला २०१५ साली, प्रदीप कुमार यांना २०१६ मध्ये, तपन पाणिग्रही यांना २०२१ मध्ये. तिघांनाही जीवनगौरव विभागात! यावरून या धंद्यात नाव व्हायला किती वेळ लागतो ते समजा.

याच प्रदीप कुमारांचा शिष्य साजन प्रकाश. मानेच्या दुखण्यातून उठला आणि जून २०२१ मध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहला. ऑलिंपिकची थेट पात्रता होती १ मिनिट ५६.४८. सेकंदाच्या दहाव्या भागाने तो आत गेला, आणि ती पात्रता गाठणारा पहिला भारतीय ठरला. कोचची कित्येक वर्षांची मेहनत त्या दहाव्या भागात होती.

आणखी एक दार आहे, तिकडे फारसं कोणी बघत नाही. दिव्यांग पोहणाऱ्यांचं कोचिंग. आमच्या फौजेतले, ईएमईचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. अशा खेळाडूबरोबर काम करताना प्रत्येकासाठी तंत्र नव्याने बसवावं लागतं. तिथे जाणकार कोच हवेच आहेत.

शेवटी बापलेकांना आमच्या ओसरीवर समोरासमोर बसवलं. दोन वर्षांची मुदत ठरली. पहिल्या वर्षी सहायकाचं काम आणि जीवरक्षकाचं प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षी पदविकेचा अर्ज. बँकेचा एक फॉर्मही भरायचा, ही वडिलांची अट. पोराने ती कुरकुरत मान्य केली. सध्या तो पहाटे तलावावर सात-आठ वर्षांच्या पोरांना श्वास सोडायला शिकवतोय. परवा वडील चहाचा थर्मास घेऊन तिथे आले होते. म्हणाले, "कर्नलसाहेब, मी फक्त चहा द्यायला आलोय." अर्धा तास उभे होते.