चौरस मीटरला तीन ते पाच रोपं

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांना घनवनाचा नमुना सापडला तो देवस्थानांभोवती राखलेल्या रानात. आपल्याकडच्या देवराया याच जातकुळीतल्या. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातही त्या आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला.

असं घनवन लावताना माती खोलवर भुसभुशीत करून शेणखत आणि भाताचं तूस मिसळायचं, रोपं दाट लावायची, वर पेंढ्याचं आच्छादन. उजेडासाठी चढाओढ लागून रोपं सरळ वर धावतात. पाणी-खुरपणी पहिली दोन-तीन वर्षंच.

मुळशीतल्या रिहे खोऱ्यात अशा वनात जांभूळ, हिरडा, करंज, खाली करवंद शोभेल. परदेशी गिरिपुष्प नको; पुण्याच्या टेकड्यांवर ते पुरे झालं! मूळचा गवताळ माळही झाडं न लावता तसाच सोडावा. चंडोल तिथे जमिनीवरच घरटं करतो.