क्रूझ आणि ड्यूटी-फ्री बाटली

कोकणातल्या आंजर्ल्याला क्रूझ लागत नाही. एके काळी मुंबईची बोट शेजारच्या हर्णैला थांबे. आज जहाज गाठायचे तर मुंबई.

• ड्यूटी-फ्री : सीमाशुल्क न लावता परदेश प्रवास करणाऱ्याला विकलेला माल. विमानतळावरचे पहिले असे दुकान आयर्लंडमधल्या शॅननला, १९४७ साली.

• जहाजावर : वाटेतल्या बंदरात घेतलेली बाटली बहुतेक कंपन्या चढतानाच जमा करून घेतात आणि सफर संपताना परत देतात. केबिनमध्ये ती नेता येत नाही. पहिल्या दिवशी प्रौढ प्रवाशामागे ७५० मिलीची एक वाइन अनेक कंपन्या चालवून घेतात, पण नियम कंपनीगणिक बदलतो. तिकिटाच्या अटी आधी वाचलेल्या बऱ्या.

• भारतात परतताना : माणशी २ लिटर दारू शुल्काविना, वाइन-बिअर धरून. ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नाही.

• विमानाने परतत असाल तर : ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहोलची दारू सामानातही चालत नाही.

• मुंबई–गोवा सफर : देशांतर्गत प्रवास, म्हणून ड्यूटी-फ्रीची सवलत नाही. गोव्यातली दारू स्वस्त असते ती राज्याचा कर कमी असल्याने. ती ड्यूटी-फ्री नव्हे. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.