दूध रोजचे, शेण पिढ्यांचे

आमच्या गोठ्यात पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती लिटर जातं डेअरीला?" पाहुणा मराठी असो वा कन्नड, प्रश्न तोच. शेण किती निघते आणि त्याचे काय करता, हे मात्र कोणी विचारत नाही. गोठा टिकणार की बुडणार याचे उत्तर, माझ्या मते, त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

माझे माहेर गोकाककडचे, कन्नड. लग्न होऊन निपाणी भागातल्या मराठी घरात आले तेव्हा मला मराठी धड बोलता येत नव्हते. सासूला माहेरी ‘अत्ती’ म्हणतात आणि इथेही ‘आत्ती’च, एवढाच काय तो आधार. जनावरांशी मात्र पहिल्या दिवसापासून मी कन्नडच बोलले. मी ‘बा’ म्हटले तरी म्हैस वळते आणि आत्तींनी ‘ये’ म्हटले तरी वळते. माहेरी ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी, सासरी आषाढात बेंदूर. आमच्याकडे आता बैल नाहीत, त्यामुळे दोन्ही सणांचा मान गाई-म्हशींना मिळतो.

आज गोठ्यात चार म्हशी, तीन गाई आणि चार वासरे-रेडके आहेत. जमीन तीन एकर. "कर्ज काढा, वीस गाई बांधा," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. मी आणि मालकांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला आणि नाही म्हटले. आपली जमीन जेवढ्यांना वैरण पुरवील आणि जेवढ्यांचे शेण पचवील, तेवढीच जनावरे ठेवायची, हा आमचा नियम. वैरणही विकत आणि पेंडही विकत घेतली, तर डेअरीचे बिल हातात येण्याआधीच दुकानदाराचे होते.

शेणाचा हिशेब

मोठे जनावर दिवसाला साधारण १० ते १५ किलो शेण देते. आमचा दोन घनमीटरचा गोबरगॅस आहे. त्याला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. त्यावर घरातल्या माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. उरलेले शेण गांडूळखताला जाते. गॅस देऊन बाहेर पडणारी स्लरी आम्ही पाटाच्या पाण्यातून हत्तीगवताला आणि उसाला सोडतो. ते गवत पुन्हा गव्हाणीत येते.

शेण ओल्या खड्ड्यात सडत पडले की त्यातला मिथेन वायू हवेत जातो आणि हवा तापवतो. तोच वायू शेगडीत जळला की भाकरी भाजते. जनावराच्या पोटात तयार होणारा मिथेन बहुतेक ढेकरेवाटे बाहेर पडतो, तो आपण थांबवू शकत नाही. पण अर्धपोटी, भाकड पाच जनावरांपेक्षा नीट पोसलेली, वेळेवर गाभण राहणारी दोन बरी. लिटरमागे वायूही कमी आणि खर्चही कमी.

वाडे, मुरघास आणि महापूर

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या भागात वाडे मुबलक मिळतात. जनावरे आवडीने खातात, म्हणून बरेच जण दिवसभर तेच टाकतात. पण वाड्यात ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियम बांधून ठेवते. दुभत्या जनावराला तर त्याचीच गरज जास्त. म्हणून वाड्याची कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून आणि कडब्यात मिसळून आम्ही ते बेतानेच घालतो.

मुरघास करायला अवघड नाही. मक्याचा दाणा चिकात असताना तोडणी करायची, बारीक कुट्टी करून पिशवीत दाबून भरायची आणि हवा राहू द्यायची नाही. दीड महिन्यात वैरण तयार होते. २०१९ आणि २०२१ साली वेदगंगा-दूधगंगेला महापूर आला, तेव्हा नदीकाठचे आमचे गवत चिखलात गेले. घरामागच्या उंचवट्यावर रचलेल्या पिशव्यांनी जनावरे जगवली. तेव्हापासून पाऊस सुरू होण्याआधी दोन महिन्यांची वैरण घरात असलीच पाहिजे, असा दंडक आहे.

ओतून दिलेले दूध

गेल्या वर्षी एका गाईला कासदाह झाला. आपल्याकडे त्याला ‘दगडी’ म्हणतात. डॉक्टरांनी प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली आणि औषध संपल्यावरही काही दिवस दूध डेअरीला घालू नका, असे बजावले. रोज सकाळी बादलीभर दूध खड्ड्यात ओतताना आत्तींच्या डोळ्यांत पाणी यायचे. "अन्न मातीत घालतेस गं," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, "आत्ती, हे आपल्या नातवाला द्याल का?"

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बादली उचलली आणि ओतून आल्या.

त्या महिन्याचे बिल बरेच कमी आले. कोणी तपासले नसते तर कदाचित कळलेही नसते. पण ज्या दुधाचा पेला मी माझ्या लेकराला देणार नाही, तो दुसऱ्याच्या लेकरापुढे ठेवायचा नाही. भगिनींनो, आधुनिक शेती म्हणजे फक्त मिल्किंग मशीन नव्हे. धार काढण्याआधी प्रत्येक सडातली पहिली धार काळ्या वाटीत घेऊन गुठळी आहे का ते पाहणे, कास धुऊन पुसणे, रेतनाची आणि लसीची तारीख वहीत लिहिणे, हीसुद्धा आधुनिकताच आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा कोणाला लस टोचली, कोणाला नाही, हे आमच्या वहीत मिनिटात सापडले.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. फोनवर म्हणतो, "आई, किती दिवस शेण काढणार?" त्याचे चुकत नाही. या कामाला रविवार नाही आणि माहेरच्या लग्नालाही मी संध्याकाळच्या धारेआधी परतते. त्याने परत यावे असा माझा हट्ट नाही.

१९७० साली सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने आधीच्या पिढीला दूध वाढवायला शिकवले, बायकांच्या हातात पैसा दिला. आता जमीन राखून दूध काढणे आमच्या पिढीला शिकायचे आहे. स्लरी मिळालेल्या आमच्या पट्ट्यात आज कुदळ मारली की गांडुळे दिसतात. मुलगा येवो न येवो, ही जमीन ज्याच्या हाती जाईल, त्याला ती जिवंत मिळाली पाहिजे.