खिळा न मारलेला मंडप

जामखेड-पाथर्डीकडच्या एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात गेलात, तर खांब जमिनीत पुरलेला दिसत नाही. तो दगडी तळखड्यावर नुसता उभा असतो. चीनमधल्या जुन्या लाकडी देवळांचे खांबही असेच दगडावर टेकलेले असतात. शान्शी प्रांतातला यिंगश्यानचा लाकडी मनोरा 1056 सालचा, 67 मीटर उंच. अनेक भूकंप सोसून तो उभा आहे. (थोडा कलला आहे, हेही सांगायला हवे.)

शाळेच्या पटांगणात या रीतीने मंडप बांधायचा झाला, तर काय पाहावे लागेल?

आधी सांधा. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचे, दुसऱ्यात त्याच मापाची खाच पाडायची आणि वाळलेल्या बाभळीची खुंटी ठोकायची. खिळा का नको? लाकूड ओलाव्याने फुगते, वाळले की आकसते. ओले सागवान पूर्ण वाळताना आडवे सुमारे 5 टक्क्यांपर्यंत आकसते. लांबीत अर्धा टक्काही नाही. लोखंडाला हे ठाऊकच नसते. खिळ्याभोवतीचे भोक सैल होते, पावसाळ्यात खिळा गंजतो. खुंटी सैल झालीच, तर बदलता येते. शिवाय धक्का बसला की सांधा थोडा घासतो आणि धक्क्याची काही ऊर्जा त्या घर्षणात खर्ची पडते.

मग तुळई. लाकडी फूटपट्टी आडवी धरून वाकवा, नंतर उभ्या कडेवर वाकवून पाहा. 10 बाय 20 सेंटिमीटरची तुळई उभी बसवली, तर आडवीपेक्षा चौपट ताठ राहते. मधोमध तेवढेच वजन ठेवले, तर बाक अंतराच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणून खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे हस्त लावतात. खांबांतले 12 फुटांचे अंतर हस्तांमुळे 9 फूट झाले, तर बाक, स्थूलमानाने, निम्म्याहून कमी होतो. चिनी सुतार हेच काम ठोकळे आणि आडवे हात एकावर एक रचून करतात. त्याला दोउगोंग म्हणतात.

खरी अडचण छपराची आहे. माळवदावर फूटभर माती म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 500 किलो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे गाडली गेली. तिथेही काही घरांत भिंती पडल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. तेव्हा माती नकोच. मग पत्रा घालावा? तो इतका हलका, की वळवाच्या वाऱ्यात छप्पर खांबांसकट उचलले जाईल. नुसत्या टेकलेल्या खांबाला खाली दाबून धरते ते छपराचे वजनच. मंगलोरी कौले मला मधला मार्ग वाटतात: वाशांसकट 50-60 किलो. तरीही तळखड्यात लोखंडी गज बसवून त्यावर खांब रोवावा. इथे मी लोखंडाला हरकत घेणार नाही.

उघड्या मंडपाला भिंतींचा आधार नसतो. चार काड्यांची टोके टाचण्यांनी जोडून चौकोन करा, तो लगेच कलेल. आता एका कोपऱ्यात तिरपी काडी टाचा. मुलांना हे आधी हाताने करू द्या, आकृती मागाहून काढा.